जवसाचा खरा डबा, खोटा डबा

लग्नाच्या पंगतीत लोक माझ्या शेजारची जागा धरून ठेवतात. माझ्या स्वभावामुळे नाही, माझ्या विषयामुळे. वाढपी जिलबी घेऊन पुढे सरकला की शेजारचा पाहुणा आवाज खाली आणून विचारतो, मॅडम, आजकाल नावं आठवत नाहीत, बदाम खाऊ का? मी म्हणते, खा. मग तो विचारतो, अक्रोड? मी म्हणते, तेही खा. तिसरा प्रश्न जिलबीबद्दल असतो आणि त्याचं खरं उत्तर त्याला नको असतं, म्हणून मी आपल्या ताटाकडे बघते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हे चालूच आहे.

माझी सगळी नोकरी अमरावतीत, म्हाताऱ्या माणसांचा विसर आणि त्यांच्या ताटातलं अन्न यांचा एकमेकांशी काही संबंध लागतो का, हे शोधण्यात गेली. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. नाव न आठवणं हा आजार नाही. माझ्या नवऱ्याला आमच्या लग्नाची तारीख त्याचे सगळे केस काळे होते तेव्हाही आठवत नसे. स्मृतिभ्रंश वेगळा. त्यात माणूस रोजच्या रस्त्यावर हरवतो, जेवून उठल्यावर जेवायला मागतो, आणि आपण विसरतोय हेच त्याला कळत नाही. घरच्यांना कळतं. त्यातही पहिल्यांदा बायकोला कळतं आणि सगळ्यात शेवटी मुलाला, कारण मुलगा सणासुदीला येतो आणि तेवढे दोन दिवस घरातले सगळे मिळून सांभाळून घेतात.

माझा पदार्थ जवस. आपल्या वऱ्हाडात जवसाची चटणी आणि भाकर हे काही कौतुकाचं खाणं नाही, घरात भाजी नसली की खायचं खाणं आहे. पण त्या दाण्यात मेंदूला उपयोगी पडेल असं एक तेल असतं, आणखीही काही द्रव्यं असतात. उपयोगी पडेल म्हणते, पडतं म्हणत नाही. ‘पडेल’पासून ‘पडतं’पर्यंत जायला एक आयुष्य पुरत नाही, हे मला नोकरी लागताना कोणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात उंदरांपासून झाली. उंदराची आठवण तपासायची म्हणजे एक गोल हौद घ्यायचा, पाण्यात दुधाची भुकटी कालवून ते गढूळ करायचं आणि पाण्याखाली एक छोटी बैठक लपवायची. उंदराला पोहणं आवडत नाही, म्हणून तो धडपडत ती बैठक शोधतो आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने सरळ तिकडे जातो. जगभर ही पद्धत चालते. अमरावतीत ती मार्चपर्यंत चालली. मे महिन्यात वीज गेली, कूलर बंद पडले आणि आमच्या उंदरांनी बैठकीवर चढायचं साफ सोडून दिलं. ते पाण्यातच तरंगत राहिले. मी वहीत लिहिलं, ‘बैठकीची आठवण नष्ट.’ आमचे सर वही वाचून म्हणाले, बाई, तुम्ही आत्ता पाण्यात असता तर बाहेर आला असता का? दुपारपर्यंत हौदातलं दूध फाटायचं, आणि आमच्या विभागाच्या दारात उभं राहिलेला माणूस आधी नाकाला रुमाल लावायचा आणि मग काम सांगायचा.

अशी बरीच वर्षं उंदरांत काढल्यावर निवृत्तीच्या आधी तीन वर्षं मला माणसं मिळाली. अकोटच्या पुढचं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण गावकरी हा अंक वाचतात आणि त्यांना माझा फोन नंबर माहीत आहे.

बेत असा होता. गावातल्या साठीच्या पुढच्या लोकांपैकी अर्ध्यांना वर्षभर रोज ठरलेल्या मापाची जवसाची चटणी द्यायची. उरलेल्या अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी, पण जवस नसलेली चटणी द्यायची. दर तीन महिन्यांनी सगळ्यांची स्मरणाची परीक्षा घ्यायची. कोणाच्या घरी खरा डबा आणि कोणाच्या घरी खोटा, ते खाणाऱ्याला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही माहीत नाही. डब्यांवर फक्त आकडे. आकड्यांची यादी पुण्याला, आमची आकडेमोड बघणाऱ्या कुलकर्णी सरांच्या कपाटात कुलूपबंद. हे सगळं एवढ्यासाठी, की आपण औषध घेतोय या समजुतीनेच माणसाला बरं वाटायला लागतं, आणि आपण औषध दिलंय या समजुतीने शास्त्रज्ञाला त्याहून जास्त बरं वाटतं.

खोटी चटणी मी स्वतः तयार केली. गव्हाचा कोंडा काळपट होईपर्यंत भाजला, त्यात तिखट, मीठ, लसूण घातलं. रंग इतका जुळला की मला स्वतःचा अभिमान वाटला. मग दोन्ही चटण्या आमच्या वसतिगृहातल्या मुलांना चाखायला दिल्या. एकालाही फरक ओळखता आला नाही. तसा मी अहवाल लिहिला. त्या मुलांना मेसमधली आमटी आणि ताट विसळलेलं पाणी यातलाही फरक ओळखता येत नसे, हे मी अहवालात लिहिलं नाही.

मीही चाखली होती. मी अकोल्याची, जवसावर वाढलेली. मला फरक पहिल्या चिमटीत कळला. पण मी मनाशी म्हटलं, मला आधीच माहीत आहे म्हणून कळतोय. एवढं शिक्षण झालं की माणसाला आपल्या जिभेपेक्षा आपल्या तर्कावर जास्त विश्वास बसतो. आमच्या गाडीचे ड्रायव्हर शकीलभाई अकोल्याचेच. डबे अकोल्यात एका महिला बचत गटाकडे भरले जायचे, तिथून शकीलभाई गाडीत घालायचे. पहिल्याच खेपेला सांडलेली चटणी बोटाने उचलून त्यांनी जिभेवर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, इसमें जवस नई है. ये तो ढोरां का खाना है.” मी त्यांना दम दिला, की संशोधनाच्या वस्तूंना हात लावायचा नाही. ते पुढे अकोटपर्यंत काही बोलले नाहीत. अर्थात अकोला-अकोट रस्त्यावर तसंही बोलता येत नाही, जीभ चावली जाते.

गावात आधी सगळ्यांना विहारासमोर बसवून समजावून सांगितलं. काही डब्यांत जवस असेल, काहींत नसेल, कोणाला काय ते आम्हालाही ठाऊक नाही. कबूल असेल तर सह्या करा. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, “बरं” म्हणाल्या आणि सह्या केल्या. इतक्या सहज संमती मिळाल्याचं मला फार कौतुक वाटलं.

परीक्षा म्हणजे साधे प्रश्न असतात. आज वार कोणता, आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत, शंभरातून सात वजा करत जा, आणि पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने परत सांगा. कागदावर साधे. एका आजोबांना मी वार विचारला तर म्हणाले, काल अकोटचा बाजार झाला, आता तुम्हीच काढा. दुसऱ्यांना जिल्हा विचारला तर ते माझ्याकडे काळजीने बघत म्हणाले, “तुमाले मालूम नाई, तर इथपावतर आल्या कशा?” पाच शब्दांची तऱ्हा तर विचारूच नका. दुसऱ्या परीक्षेचे घ्या, बैल, आरसा, चप्पल, घंटा, जांब. संध्याकाळपर्यंत हे शब्द गावभर झाले. हापशीवर बायका ते म्हणत होत्या, पिठाच्या गिरणीवर रांगेतली माणसं एकमेकांना विचारत होती. दर परीक्षेला शब्द बदलायचे असतात, ते आम्ही बदललेच. तिसऱ्या परीक्षेला एका आजींनी मला बोलूच दिलं नाही आणि तिन्ही वेळचे पंधरा शब्द एका दमात सांगून चहा मागितला.

दुसरी अडचण डब्यांची. कोणी किती चटणी खाल्ली हे कळावं म्हणून महिन्याच्या शेवटी डबे परत घ्यायचे आणि आत उरलेली चटणी वजन करून लिहायची, असा नियम होता. पहिल्या महिन्याचे डबे परत आले. उघडले तर एकात कुरडया, एकात मुगाच्या वड्या, एकात आंब्याचं लोणचं, एकात तुरीची डाळ. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मला माझ्या आईने शिकवलेलं. पण मी ते नियमावली लिहिताना घरी ठेवून आले होते. तक्त्यात ‘शिल्लक, ग्रॅममध्ये’ असा रकाना होता. शकीलभाई वजन करून लिहायचे. त्या महिन्याचा तक्ता अजून माझ्याकडे आहे, त्यात ‘कुरडया, पाव किलो’ अशी नोंद आहे. पुढच्या महिन्यात मी हात जोडून सांगितलं की डबे रिकामेच द्या. त्यांनी रिकामे दिले, आणि कुरडया वेगळ्या पिशवीत दिल्या.

आता तायडे गुरुजी. ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते हे.

गुरुजींनी गावातल्या शाळेत जन्म काढला होता. सरपंचापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळे त्यांच्या हातचे. रोज सकाळी विहार उघडायचा, झाडून घ्यायचा, वंदना झाली की बसलेल्यांना पेपर वाचून दाखवायचा, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. मी गेले तेव्हा ते पेपर उत्तम वाचत होते, फक्त कधी कधी आदल्या आठवड्याचा वाचायचे. ऐकणारे ऐकून घेत. पावकी, निमकी, दीडकी त्यांना घडाघडा येत होती. चहा घेतला की नाही ते येत नव्हतं.

परीक्षा ते माझीच परीक्षा घेत असल्यासारखी द्यायचे. मी प्रश्न वाचला की आधी माझा उच्चार सुधारायचे. माझं अक्षर पाहून त्यांनी मला एकदा दुरेघी वही आणायला सांगितली. पाच शब्द ऐकले की डोळे मिटायचे, आणि नेमकी त्याच वेळी मागे बसलेल्या त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, खोकल्याची ढास लागायची. मग कौसल्याबाई पदर तोंडाला लावायच्या, तळहात आरशासारखा तोंडासमोर धरायच्या, पायाने चप्पल सरकवायच्या. गुरुजी डोळे किलकिले करून म्हणायचे, “आरसा. चप्पल.” माझ्या हे दुसऱ्या परीक्षेला ध्यानात आलं. मी कौसल्याबाईंना बाहेर ओट्यावर बसवलं. तर तिकडून बैलाला हाकल्याचा आवाज आला. त्यांच्याकडे बैल नव्हता.

मी चिडले. चिडायला मला तेव्हा फार लागत नसे. बाहेर येऊन सांगितलं, की असं केलंत तर परीक्षेला अर्थ राहत नाही. त्या आधी हसल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा मुलगा प्रशांत अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात होता. त्याला बापाचं काहीतरी बिघडतंय याचा वास लागला होता, आणि तो दोघांना अमरावतीला घेऊन जायचं म्हणत होता. शेवटी ठरलं होतं की वर्ष संपलं की मॅडमच्या परीक्षेत बाबांना किती मार्क पडतात ते बघायचं. चांगले पडले तर राहू द्यायचं, कमी पडले तर न्यायचं. म्हणजे माझ्या तक्त्यातल्या एका रकान्यावर त्या बाईचं घर टांगलेलं होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

“इथं ते रस्ता चुकले तर कोनीबी हाताले धरून आणून सोडते,” त्या म्हणाल्या. “गाव त्याइच्याच हातचं हाय. तिथं दुसऱ्या माळ्यावर खोली. खाली उतरले तर कोन आणीन?”

मी त्यांना सांगितलं की डबा नीट चालू ठेवा, रोज खायला घाला. एवढं तरी माझ्या हातात आहे असं मला तेव्हा वाटत होतं. गुरुजींचा डबा खरा असावा अशी मी मनातल्या मनात इच्छा धरली, आणि शास्त्रज्ञाने अशी इच्छा धरायची नसते म्हणून स्वतःवर रागावलेही.

वर्षातले नऊ महिने गेले. परीक्षेचे आकडे मोठे छान येत होते. गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण एकूणात टिकून होती. शब्द पाठ करणारे बाजूला काढले तरी टिकून होती. फक्त कुलकर्णी सर फोनवर म्हणायचे, दोन गट वेगळे दिसतच नाहीत हो, अगदी एकासारखे एक आहेत. मी म्हणायचे, अजून वेळ द्या.

आणि एका दुपारी मी न सांगता गुरुजींकडे गेले. पेन विसरलं होतं, तेच घ्यायला. गुरुजी जेवायला बसले होते. कौसल्याबाई भाकर वाढत होत्या. तेवढ्यात शेजारच्या यमुनाबाईंनी मधल्या भिंतीवरून वाटी पुढे केली, आणि कौसल्याबाईंनी न बघता हात वर करून ती घेतली, इतकी ती रोजची होती. वाटीत जवसाची चटणी होती. आमची, बचत गटाने भरलेली, ठरलेल्या मापाची. गुरुजींचा स्वतःचा डबा कोनाड्यात होता आणि त्यातली चटणी कौसल्याबाई म्हशीच्या आंबोणात घालत होत्या.

मी दारातच बसले. कौसल्याबाईंनी मला पाणी दिलं आणि खुलासाही दिला. “आमच्या डब्यात जवस नाईच, मॅडम. पयल्याच दिवशी समजलं. जवस दाताले लागते, हे घशाले लागते.”

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

“तुमी इतक्या दुरून येता. तुमाले वाईट वाटन म्हणून.”

मी उठून गल्लीत फिरले. घरोघरी तेच. ज्यांच्याकडे खोटा डबा गेला होता त्यांना तो पहिल्या घासाला कळला होता, आणि ज्यांच्याकडे खरा गेला होता त्यांनी पहिल्याच आठवड्यात वाट्या सुरू केल्या होत्या. वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिकडून ताक, मिरचीचा ठेचा, कधी शिरा जात होता. नऊ महिने अख्खं गाव खरी चटणी खात होतं, दोन्ही गट सारखेच, आणि कोंडा म्हशींना जात होता. या प्रकाराबद्दल अंधारात असलेली माणसं दोनच, मी आणि पुण्याचे कुलकर्णी सर. शकीलभाईंना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, आपनेच बोला था, हात नई लगाना.

माझा पारा चढला. यमुनाबाई जवळ होत्या म्हणून त्यांच्यावर निघाला. तुम्ही सही केली होती, तुम्हाला समजावून सांगितलं होतं, दोन वर्षांचं काम मातीत गेलं, असं बरंच काही मी बोलले. त्या कापूस निवडत होत्या. ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत.

“योजना कोनतीबी येवो,” त्या म्हणाल्या, “अर्ध्या लोकाइले भेटते अन् अर्ध्याइले नाई. आमाले वाटलं, हेबी तसंच. आमी आपसात वाटून घेतो. बाजूच्या घरातला माणूस विसरून राहिला, अन् मी आपली चटणी झाकून खाऊ काय?”

परत जाताना गाडीत रडू आलं, ते कामासाठी की कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. हा प्रयोग नीट पार पडला असता तर माझं नाव त्यावर राहिलं असतं, एवढी साधी हाव होती आणि ती मी लपवत नाही. गप्प बसले असते तरी कोणाला कळलं नसतं. जवसाचा उपयोग होत नाही एवढाच निष्कर्ष निघाला असता. पण तो खोटा असता. मी अमरावतीला पोचल्यावर कुलकर्णी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, “मॅडम, वाटीचं माप साधारण काय असेल?”

प्रयोग बंद झाला. नियमाप्रमाणे वर्षअखेरची परीक्षा मात्र घ्यावी लागते. ती घ्यायला मी गेले, तेव्हा प्रशांत रजा काढून आला होता. चांगला मुलगा. हातात पिशवी, पिशवीत बापासाठी केळी आणि आईसाठी अमरावतीच्या खोलीची किल्ली.

यावेळी कौसल्याबाई स्वतःहून लांब, चुलीपाशी जाऊन बसल्या. ढास लागली नाही. मी पाच शब्द सांगितले. थोड्या वेळाने परत विचारले. गुरुजींनी डोळे मिटले, खूप वेळ मिटलेलेच ठेवले, आणि मग माझ्याकडे पाहून मान हलवली. एकही आला नाही. वार आला नाही. वजाबाकीत दुसऱ्याच पायरीला ते थांबले आणि म्हणाले, फळा पुसून ठेवा. मी ते सगळं तक्त्यात लिहिलं.

प्रशांतने विचारलं, किती. मी खरं सांगितलं. वर्षभरात खाली आले आहेत, आणखी येतील, आणि चटणीने किंवा कशाने ते थांबेल असं मी सांगू शकत नाही. आयुष्यभर ‘पडेल’ म्हणून झाल्यावर हे बोलणं सोपं नव्हतं. त्याने मान डोलावली. म्हणाला, म्हणजे न्यावंच लागेल. मी म्हटलं, माझी परीक्षा आठवण मोजते. कुठे राहावं ते मोजत नाही. तुझ्या खोलीतून हे खाली उतरले तर कोण परत आणेल, ते तूच सांग. तो आणि त्याची बायको दोघं पाळीवर जाणारे.

गुरुजी एवढा वेळ त्याच्याकडे बघत होते. गावातल्या सगळ्यांकडे बघायचे तसेच, प्रेमाने. मग त्यांनी विचारलं, “तू कोनाचा रे?”

चुलीपाशी कौसल्याबाईंनी डोळे मिटले. त्यांनी हे वर्षभर मुलापासून झाकून ठेवलं होतं. प्रशांतचा चेहरा पाहवत नव्हता. त्याने एकदा आईकडे पाहिलं, आणि मग वर्गात उभं राहून सांगावं तसं सरळ सांगितलं,

“तायडे गुरुजीचा.”

“मंग चांगल्या घरचा हायस,” गुरुजी म्हणाले. “बस. चा पिऊन जा.”

प्रशांत बसला. कौसल्याबाईंनी चहा आणला. त्याने तो बशीत ओतून हळूहळू संपवला आणि बशी खाली ठेवली. गुरुजींनी केळ्याच्या फणीतलं एक केळं सोलून त्याच्या हातावर ठेवलं. तेही त्याने खाल्लं. मग म्हणाला,

“गुरुजी, मी येत जाऊ काय?”

“ये न,” गुरुजी म्हणाले. “पण सुट्टीच्या दिवशी ये. शाळेच्या दिवशी मले टाइम नसते.”

खोलीची किल्ली तो परत घेऊन गेला. कौसल्याबाई अधूनमधून मला फोन करतात, त्यांच्याकडून कळतं. तेव्हापासून तो कारखान्याच्या दर सुट्टीला येतो, आणि दारात उभा राहून आत येऊ का, असं गुरुजींना विचारतो.